खरजेची ट्युब एकट्या लेकराला देऊ नका

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, आदिवासी विकास प्रकल्पांचे प्रकल्प अधिकारी, तसेच आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, अधीक्षक आणि अधीक्षिका,
विदर्भातील सर्व जिल्हे.

विषय : खरजेचा उपचार घरातल्या आणि वसतिगृहातल्या सर्वांवर एकाच रात्री करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. मी उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. नोकरी सुटली, पण गावानं काही मला सोडलेलं नाही. आजही बायका लेकरं घेऊन ओसरीवर येतात आणि त्यातल्या कितीतरी खाजेच्याच तक्रारी घेऊन येतात. "सिस्टरबाई, दिवसा खेळते न हो पोरगं, रातीले मातर उठून बसते. खाजवू खाजवू रगत काढते." एवढं वाक्य कानावर पडलं की माझं निम्मं निदान तिथेच होतं. पुढचा प्रश्न ठरलेला : घरात आणखी कोणाला खाजतं? त्यावर आई जरा ओशाळून म्हणते, "सारेच खाजवून रायले."

पत्र लिहायचं कारण हे "सारेच" आहे. आपल्याकडे खरजेचा उपचार एकेका लेकराचा होतो. पोराला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, चिठ्ठी निघाली, एक ट्युब मिळाली, रजिस्टरला एक पेशंट चढला, काम झालं. पोरगं आठ दिवस बरं राहतं. तोवर त्याच्या भावाच्या अंगावरचा खरजेचा किडा पुन्हा त्याच्या अंगावर आलेला असतो. महिन्याभरानं तेच पोरगं, तीच चिठ्ठी. मग डॉक्टर म्हणतात औषध नीट लावलं नाही, गुरुजी म्हणतात हे लोक आंघोळच करत नाहीत, आणि आई म्हणते गोरमेंटच्या औषधात दम नाही. तिघांचंही चुकतं. खरजेचा पेशंट म्हणजे अख्खं घर. आश्रमशाळेत ते घर म्हणजे निजायचा सगळा हॉल.

हा किडा डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसला तर दिसतो. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ कोरते, रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते आणि महिना-दीड महिना जगते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार. साध्या खरजेत माणसाच्या अंगावर असे किडे साधारण दहा-पंधराच असतात. मग एवढी खाज कशाची? ती आपल्या शरीराला किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची ॲलर्जी होते म्हणून.

सगळा घोटाळा या ॲलर्जीतच आहे, आणि तो आपण मंडळींनी नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो ठणठणीत दिसतो, पण दुसऱ्याला किडा देऊ शकतो. ज्याला पूर्वी होऊन गेली आहे त्याला मात्र एक ते चार दिवसांतच खाजू लागतं. आता दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब करा. घरी चुलतभावंडांसोबत एका वाकळेत निजलेला मुलगा सुट्टी संपवून वसतिगृहात येतो तेव्हा त्याच्या अंगावर काहीच नसतं. त्याची खाज सुरू होते ती थंडीच्या ऐन दिवसांत, आणि तोवर एका रगात दोघं-तिघं निजलेले असतात. म्हणून "ज्याला खाजतं त्यानं हात वर करा" असं विचारून जी यादी होते ती कायम अपुरी असते. हात खाली ठेवणाऱ्यांतही किडा असतोच.

आंघोळीबद्दल एकदा स्पष्ट बोलते, कारण या एका समजापायी लेकरांचा फार अपमान होतो. किडा कातडीच्या आत बिळात आहे, तो साबणानं धुऊन जात नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या घरातही खरूज होते. ती पसरते अंगाला अंग लागून, काही वेळ लागून राहून. एका खोलीत सहा माणसं निजतात तिथे पसरते, एका गादीवर दोन मुली निजतात तिथे पसरते. हा दाटीचा रोग आहे. हॉलमध्ये गाद्या कमी असतील तर त्याला जबाबदार मुलगी नाही. प्रार्थनेच्या वेळी उभं करून हात दाखवायला लावणं, खाजतं म्हणून घरी पाठवून देणं, हे प्रकार तर बंदच व्हायला हवेत. घरी पाठवलेलं पोर तिथे आणखी चार जणांना देतं, शिक्षण बुडतं ते वेगळंच.

किडा सापडला तो काही काल-परवा नाही. इटलीतल्या बोनोमो नावाच्या डॉक्टरानं 1687 साली एका पत्रातच त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि त्याआधीपासून तिथल्या बाया लेकरांच्या अंगातून सुईच्या टोकानं तो काढत होत्या. सव्वातीनशे वर्षांपासून कारण माहीत असलेला हा आजार आपण अजून "उष्णता", "रक्त खराब", "पाणी बदललं" यांच्यात शोधतो, याची मला मौज वाटते आणि रागही येतो.

निदानाला मोठं यंत्र लागत नाही, उजेड लागतो. लेकराला दारात उन्हाकडे तोंड करून बसवावं. हात उलटा करून बोटं एकेक फाकवावीत. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, बारीक लाल पुरळ आणि त्यात कुठेतरी पाच ते दहा मिलिमीटरची राखाडी, नागमोडी रेघ दिसते. रेघेच्या एका टोकाला बारीक ठिपका. तेच बीळ. खाजवून खाजवून बिळं फाटलेली असतात, म्हणून ते सहज सापडत नाही. अशा वेळी शाईची जुनी युक्ती आहे : संशय असलेल्या जागी शाई चोळायची आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. वरची शाई निघते, बिळात उतरलेली राहते. खरवडून मायक्रोस्कोपखाली किडा किंवा अंडी दिसली तर शंकाच उरत नाही, पण गावात त्यासाठी थांबू नये. रात्री वाढणारी खाज, नेमक्या जागी पुरळ आणि घरात दुसऱ्यालाही खाज, एवढं जुळलं की उपचार सुरू करावा.

त्या नेमक्या जागा लाजेच्याही आहेत. काखा, बेंबीभोवती, कमरेला नाडी बसते तिथे, नितंबांवर, बाईच्या स्तनाग्रांभोवती, पुरुषाच्या जननेंद्रियावर आणि वृषणावर. मुलग्यांच्या तिथल्या खाजऱ्या गाठी ही खरजेची इतकी पक्की खूण आहे की ती पाहिल्यावर दुसरं काही शोधायला नको. पण दहावीतला मुलगा मॅडमसमोर ते सांगणार नाही, आणि आठवीतली मुलगी सरांसमोर छातीचं सांगणार नाही. आरबीएसकेची, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी टीम शाळेत येते तेव्हा मुलांना पुरुषानं आणि मुलींना बाईनं, पडद्याआड, एकेकट्याला तपासावं. हॉलमध्ये रांगेत हात पाहून केलेली तपासणी कागदापुरती असते. तान्ह्या बाळांचा नकाशा मात्र वेगळा : तळहात, तळपाय, चेहरा, डोकंसुद्धा.

गजकर्ण आणि खरूज यांत लोक गल्लत करतात. गजकर्णाचं गोल चट्टं असतं, कड उठलेली आणि खपल्यांची, मधली जागा निवळलेली. खरजेला असा गोल आकार नसतो. पण मेडिकलच्या काउंटरवर दोन्हींना एकच ट्युब मिळते. रंगानं मागतात, "ते हिरवी ट्युब द्या". तिच्यात तीन-तीन औषधं आणि एक तगडं स्टिरॉइड. लावलं की लाली उतरते, खाज थांबते, माणूस खूश. किडा आत सुखरूप. महिन्या-दोन महिन्यांनी पुरळ असं विचित्र होऊन बसतं की अनुभवी डॉक्टरही क्षणभर चक्रावतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशा स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी एक चक्कर मारली तरी या नियमाचं काय झालं ते आपल्याला दिसेल.

घरगुती उपायांत कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ किंवा करंजाचं तेल यांनी खाज थोडी शमते, त्यानं मुळातला आजार जात नाही, पण फारसं बिघडतही नाही. मला भीती वाटते ती रॉकेलची, जळक्या ऑइलची आणि फवारणीच्या औषधाची. परमेथ्रिन हे खरजेचं मलम आणि पऱ्हाटीवर फवारायची काही औषधं एकाच जातकुळीची आहेत हे कोणीतरी शेतकऱ्याला सांगतं आणि तो डब्यातलं पातळ करून पोराच्या अंगाला चोळतो. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण पाहिलं आहे. ते औषध अंगाला लावायचं नाही, म्हणजे नाही.

आता औषध. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम पहिली पसंती. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम, म्हणजे बहुतेकदा एक अख्खी ट्युब लागते. सहा माणसांच्या घरात दोन वेळचा हिशेब केला तर कापूस वेचणाऱ्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज जाते, म्हणून ती एकच ट्युब घेते आणि खाजतं तिथे तिथे टिकलीसारखी लावते. मलम मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लागलं पाहिजे : बोटांच्या बेचक्यात, कापलेल्या नखांच्या खाली, बेंबीत, नितंबांच्या फटीत, पायाच्या बोटांमध्ये. लहान बाळांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. अंग कोरडं आणि गार असावं. रात्रीचं जेवण उरकून लावावं, कारण लावल्यावर हात धुतले तर हातांना परत लावावं लागतं, आणि हातांवरच तर किड्यानं ठाण मांडलेलं असतं. आठ ते बारा तास ठेवून सकाळी आंघोळ. एका आठवड्यानं, फार तर दोन आठवड्यांच्या आत, पुन्हा तसंच. दुसऱ्या वेळेची गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हटलं तर आपण आकडा कुठून आणला विचाराल, म्हणून एवढंच म्हणते की मला ती आठवणीनं करणारं घर क्वचितच भेटलं.

दोन महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रिन देत नाहीत. तिथे व्हॅसलिनमधलं सहा ते दहा टक्के गंधक चालतं. वास येतो, कपडे खराब होतात, पण गरोदर बाईलाही ते सुरक्षित. बेंझिल बेंझोएटचं पांढरं लोशन पीएचसीत अनेक वर्षं चालत आलं. गुण येतो, फक्त खाजवलेल्या अंगाला भयंकर झोंबतं, आणि लेकरांना ते पातळ करूनच लावायचं असतं. न सांगता बाटली हातात दिली तर पोरगं पुन्हा कोणतंच औषध लावू देत नाही. गॅमा बेंझिनचं लोशन कुठल्या कपाटात पडलेलं असेल तर ते लेकरांच्या जवळपासही येऊ देऊ नये. ते मेंदूवर जातं, झटके येतात.

घरातल्या म्हाताऱ्यांचा एक वाद नेहमीचा. "बुढ्याले खाज नाही, त्याले काहून लावाचं?" त्यालाच लावायचं, आणि त्याच रात्री लावायचं. वसतिगृहात तर मुलांसोबत स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार, अधीक्षक आणि आवारात राहणारी त्यांची बायकापोरंही धरावी लागतात. एकाला सोमवारी आणि दुसऱ्याला गुरुवारी लावलं तर किडा इकडून तिकडे मुक्काम हलवतो.

कपड्यांचं फार मोठं अवडंबर माजवलं जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डला मेलनबी नावाच्या संशोधकानं स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांनी वापरलेल्या ब्लँकेटांत निजवून पाहिलं. कपड्यांतून खरूज फार क्वचित लागली, अंगाला अंग लागून मात्र हमखास. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात गोधड्या उकळायला सांगणाऱ्या माणसाला माझा दंडवत. वापरातले कपडे गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात घाला. जे धुता येत नाही ते खताच्या धुतलेल्या पोत्यात घट्ट बांधून तीन-चार दिवस कोपऱ्यात ठेवा, झालं. कुत्र्याला हाकलायचीही गरज नाही. त्याच्या खरजेचा किडा वेगळा, माणसाच्या अंगावर तो वंश वाढवत नाही.

औषध लागू पडलं तरी खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेले किडे आणि अंडी कातडीतच असतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई पाचव्या दिवशी परत येते : "ट्युब लावली तरी खाजूनच रायलं ना." मग आणखी मलम, आणखी आग. खाज दोन ते चार आठवडे राहील, हे एक साधं वाक्य चिठ्ठीवर मराठीत छापून द्या.

खाजेनं कोणी मरत नाही म्हणून या आजाराकडे कोणी पाहत नाही. पण नखांनी कातडी फाटते, त्यातून जंतू शिरतात, पू होतो, आणि त्यातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे काही लेकरांच्या किडन्यांवर सूज येते. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी काळ्या चहाच्या रंगाची, बीपी वाढलेलं. अशा लेकराला बाहेरची बाधा म्हणून फिरवत बसण्यात दिवस जातात. खरजेवर पू दिसला की आधी अँटिबायोटिक, सोबत खरजेचं औषध, आणि लघवीच्या रंगावर लक्ष, एवढं प्रत्येक अधीक्षकाला माहीत असलं पाहिजे.

खरजेचा एक प्रकार खाजतही नाही. जाड खपल्यांची खरूज. अशा माणसाच्या अंगावर दहा-पंधरा नव्हे, हजारो ते लाखो किडे असतात. एचआयव्ही झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि हातापायांची संवेदना गेलेले कुष्ठरुग्ण यांच्यात तो होतो. नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांतच तो प्रथम नोंदला गेला, म्हणून त्याचं नाव नॉर्वेजियन. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन ही कुष्ठधामं ज्या विदर्भात उभी राहिली, तिथल्या आशाताई कुष्ठरोग शोधायला दरवर्षी घरोघरी जाऊन अंग पाहतातच. चट्टा शोधताना बोटांची बेचकीही पाहायला सांगा. वेगळा सर्व्हे नको, वेगळा फॉर्मही नको.

माझी खरी मागणी यापुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जगात कोणत्याही घडीला 20 कोटींहून जास्त लोकांना खरूज असते असा तिचा अंदाज आहे. फिजीच्या बेटांवर अख्ख्या गावाला हा किडा मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आलं. जिथे नेहमीसारखं फक्त रुग्ण आणि त्याच्या जवळच्यांना मलम दिलं, तिथे ते 37 वरून 19 वर अडकलं.

ही गोळी आपल्याला परकी नाही. हत्तीरोगासाठी तीन औषधांची मोहीम नागपूर जिल्ह्यात 2019 च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्यातलं एक औषध हेच आहे. डोस ठरवायला उंचीची काठी, समोर उभं राहून गोळी गिळवणं, बोटाला शाई, गैरहजर घराला दुसरी फेरी, हे सगळं आमच्या आशाताईंना तोंडपाठ आहे. खरजेसाठी ते वर्षातून एकदा पुरत नाही, कारण गोळी अंड्यांना मारत नाही. सात ते चौदा दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. 30 किलोच्या मुलाला 6 मिलिग्रॅम, जेवणानंतर. 15 किलोखालच्या लेकरांना आणि गरोदर बायांना ती द्यायची नाही, त्यांना मलम किंवा गंधक.

तेव्हा ज्या आश्रमशाळेत दर दहा मुलांमागे एकालाही खरूज दिसेल, तिथे खाजतं-न खाजतं न पाहता सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या, आणि दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवशी कार्यालयाच्या फळ्यावर लिहा. पीएचसीत खरजेचा एक पेशंट आला की घरातल्या सगळ्या माणसांचं दोन वेळचं औषध एकाच चिठ्ठीवर द्यायची लेखी मुभा तिथल्या फार्मासिस्टला द्या. आज तो देऊ पाहतो तर ऑडिटला "रुग्ण एक, ट्युबा बारा" म्हणून त्यालाच जाब विचारला जातो. मागणीपत्रकात परमेथ्रिन पेशंटच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानं लिहा. आणि दिवाळीनंतर शाळा भरेल त्या आठवड्यात पहिली फेरी घ्या. मुलांची नावं-गावं शाळेकडे आहेत, ती यादी त्याच दिवशी त्या-त्या गावच्या आशाताईकडे पोचली तर घरचे आणि शाळेचे एकाच आठवड्यात होतील. दुसरी फेरी पडेल तेव्हा हॉलमध्ये पडदा लावायला आणि मुलींसाठी एक सिस्टर पाठवायला विसरू नका.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका